अंगातून आयोडीन उतरेपर्यंत

२ फेब्रुवारी, सोमवार

लेकीने ही वही हातात ठेवली आणि म्हणाली, मला दिवसातून वीस फोन करण्यापेक्षा यात लिही. वही निदान मधेच फोन ठेवून देणार नाही, म्हणून लिहिते आहे.

मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. घराच्याच तळमजल्यावर शाळेचं ऑफिस, अंगणात शेडखाली गाडी, आणि गाडीत माझ्या पायाखाली जादाचा ब्रेक. त्या ब्रेकच्या जोरावर मी आजवर अर्ध्या गावाला जिवंत ठेवलं आहे. सध्या मात्र शाळेला कुलूप आहे. डिसेंबरात माझ्या गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी काढली. तिच्यात गाठ होती आणि गाठ चांगली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी हे इतक्या हळू आवाजात सांगितलं की मला वाटलं, बाहेर कुणीतरी माझी गाडी ठोकली.

आता ग्रंथीचा एखादा तुकडा उरला असेल तर तो जाळायला किरणोत्सारी आयोडीनची गोळी देणार. गळ्यातल्या त्या पेशींना आयोडीनची हाव असते. आयोडीन दिसलं की खातात, आणि या खेपेला खाल्लं की मरतात. त्या उपाशी राहाव्यात म्हणून मला आयोडीनचं मीठ बंद, दूध बंद, अंडी बंद. रोजची थायरॉईडची गोळीही बंद केली आहे, त्यामुळे मी गोगलगाय झाले आहे. तोंड सुजलंय, थंडी वाजते, आणि काल टीव्हीचा रिमोट फडताळात बशांवर ठेवून आले. डॉक्टरीणबाईंनी गाडी चालवायला सक्त मनाई केली आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांना "लक्ष कुठाय?" म्हणून ओरडले, त्याचं उत्तर आता फडताळात सापडलं.

भीती वगैरे काही नाही. झोप येत नाही, एवढंच.

४ फेब्रुवारी, बुधवार

घेतली गोळी. शिशाच्या जाड डबीतून आली. आणणाऱ्या बाईंचं काम किरणोत्सार मोजणं, म्हणून मी मनातल्या मनात त्यांचं नाव मोजणीबाई ठेवलं. चाळिशीच्या असतील, सावकाश बोलतात, उगाच हसत नाहीत. गोळी गिळली आणि त्या चटकन दाराशी गेल्या. माझ्यापासून इतक्या घाईने फक्त एकच माणूस लांब गेला होता, आणि तो माझा नवरा होता. त्याची गोष्ट नंतर.

दारातूनच त्यांनी यंत्र माझ्याकडे रोखलं. ते करकर वाजलं. मी विचारलं, "हे किती दिवस राहणार माझ्यात?"

त्या म्हणाल्या, हे आयोडीन आपलं आपण आठ दिवसांत निम्मं होतं. पण शरीर एवढी वाट बघत नाही. लघवीतून, घामातून, थुंकीतून बाहेर टाकतं. भरपूर पाणी प्यायचं, आंबट गोळ्या चघळायच्या, म्हणजे लाळेच्या ग्रंथीत साचत नाही. बहुतेक सगळं दोन-तीन दिवसांतच जातं, उरलेलं हळूहळू.

"म्हणजे शून्य कधी?"

"कागदावर कधीच नाही. अर्ध्याचं अर्धं होत राहतं. पण एक वेळ अशी येते की आमच्या यंत्रालाही ते सापडत नाही. त्यालाच आम्ही गेलं म्हणतो."

गाठीबद्दल डॉक्टरीणबाई साधारण असंच काहीतरी म्हणाल्या होत्या. पण तो विषय वेगळा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

खोलीत सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आहे: फोन, रिमोट, दाराची मूठ, उशी. मी एकटीच उघडी. जेवण दाराजवळच्या स्टुलावर ठेवून माणूस पसार होतो. संडासात पाणी दोनदा सोडायचं, बसूनच सगळं करायचं, सांडायचं नाही, अशी सूचना भिंतीवर लावली आहे. पाणी इतकं प्यायले की चालताना डुचमळते.

सकाळभर ह्यांना फोन लावत होते. उचलला नाही. इकडे बायको भुताच्या दिव्यासारखी चमकते आहे आणि नवरा बेपत्ता. दुपारी स्वतःहून फोन आला, धाप लागलेली. म्हणाले, झालं एकदाचं. काय झालं विचारलं तर म्हणे काही नाही, चालायला गेलो होतो. आवाजात चक्क आनंद. चालून एवढा आनंद कुणाला होतो?

आमचे हे छापखान्यात मुद्रितं तपासत असत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका गुपचूप दुरुस्त केल्या, त्यामुळे मोठ्याने बोलायची सवय नाही. ती कसर मी भरून काढते.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी त्यांना गाडी शिकवायला घेतली होती, तीच ती गोष्ट. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडी एका कुंपणात घातली. मी काय बोलले ते आठवत नाही, पण रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. ते उतरले, किल्ली माझ्या मांडीवर ठेवली आणि झपाझप घरी चालत गेले. त्यानंतर कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. तीन हजारांवर माणसं माझ्या हातून पास झाली आणि घरचा माणूस पायी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

७ फेब्रुवारी, शनिवार

सुटका. मोजणीबाईंनी फरशीवरच्या खुणेवर उभं करून मोजलं आणि आकडा त्यांच्या मनासारखा आला. घरी गेल्यावर काही दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळा संडास. मोठ्या माणसांशी हातभर लांबून बोललं तर चालेल. लहान मूल आणि गरोदर बाई यांच्यापासून मात्र मला पुन्हा मोजेपर्यंत लांब राहायचं.

घरात गरोदर बाई आहे. लेकीला नववा महिना लागतोय, जावई जहाजावर आणि जहाज पार कुठल्या कुठे. ती वरच्या मजल्यावर, मी खाली ऑफिसात. बाळ मार्चच्या मध्याला, तोवर मी स्वच्छ. हिशोब चोख आहे.

हे टॅक्सी घेऊन न्यायला आले. मला मागच्या कोपऱ्यात बसवलं आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसले. इतक्या दिवसांनी भेटलो, पण वाटभर एकदा मागे वळून पाहिलं असेल तर शपथ. टक लावून ड्रायव्हरच्या पायांकडे बघत होते. माझी त्यांना भीतीच बसली आहे. मी काही बोलले नाही. न बोलण्याची सवय नसल्याने गळा दुखला.

९ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात कॉट टाकली आहे. चारी भिंतींवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते. डोळे उघडले की समोर "प्रवेश बंद". लाळेच्या ग्रंथी सुजून मी खारीसारखी दिसते, आणि प्रत्येक घासाला पत्र्याची चव. थायरॉईडची गोळी पुन्हा सुरू केली आहे, पण ती अंगी लागायला वेळ घेते म्हणे.

संध्याकाळी लेक वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसते, मी अंगणाच्या टोकाला. ओरडून गप्पा मारतो. शेजारच्यांना आता तिचं वजन, माझी लघवी आणि बाळाचं डोकं कुठल्या दिशेला आहे हे सगळं पाठ आहे.

तिने विचारलं, आई, तुला रात्री झोप लागते का? मी म्हटलं, लागते. मग तिने विचारलं, मग तुझा दिवा का चालू असतो? मुली शिकल्या की असा त्रास होतो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

काल पूर्ण अंगाचं स्कॅन झालं. आतलं आयोडीन कुठे कुठे जाऊन बसलंय ते त्यात दिसतं. निकाल उद्या.

ह्यांच्याविषयी लिहायला हवं. रोज सकाळी निघतात आणि घामाने शर्ट ओला करून परततात, ते या थंडीत. डावी पोटरी धरून बसतात. मी खिडकीतून सांगितलं, वात असेल, तेल चोळा, आणि बाटलीही दिली. त्यांनी पातळ तळव्यांचे नवे बूट आणले आहेत. परवा माझ्या शाळेचं नियमांचं पुस्तक मागून नेलं आणि परत केलं तेव्हा त्यात पेन्सिलीने दोन चुका दुरुस्त केलेल्या होत्या. जन्माची खोड. आज तर खिडकीशी येऊन विचारलं, चढावर थांबल्यावर गाडी मागे का जाते. मी म्हटलं, गुरुत्वाकर्षण. ते मान हलवत गेले.

विचार करून मी निष्कर्ष काढला. त्यांना घरात माझ्या किरणांची धास्ती वाटते, म्हणून दिवस बाहेर काढतात आणि आल्यावर काहीतरी विषय काढून सांत्वन करतात. स्वभावाने भित्रेच आहेत. मी राग धरलेला नाही. तेल मात्र परत मागून घेतलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

निकाल चांगला. फोटोत फक्त गळ्यापाशी उजेड, बाकी अंगभर अंधार. आयुष्यात पहिल्यांदा अंधार बघून कुणी माझं अभिनंदन केलं. जे उरलं होतं तेवढंच जळतंय, दुसरीकडे कुठे नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पक्कं सहा महिन्यांनी रक्त तपासून सांगतील. त्यानंतर पुन्हा सहा महिन्यांनी. मग वर्षाने. मी विचारलं, कधीपर्यंत? त्या म्हणाल्या, आपण भेटत राहू. बाई प्रेमळ आहेत, पण मला त्यांना भेटण्याची एवढी हौस नाही.

लेकीला अंगणातूनच वर ओरडून सांगितलं. ती रडली. हे कठड्याशी उभे होते. ते आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. बहुधा पाणी प्यायला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज घडलं ते घडलं तसं लिहिते.

दुपारी जेवून मी आडवी झाले होते. वरून लेकीची हाक आली. नेहमीची नव्हे. अंगणात धावले तर ती गॅलरीचा गज धरून उभी आणि पायाखाली पाणी. महिनाभर आधी.

अँब्युलन्सला फोन केला. त्यांनी सांगितलं की पुलाजवळ मोठा ट्रक उलटलाय, गाडी वळसा घालून येईल, तासाच्या आत येईल असा शब्द देता येत नाही. टॅक्सीवाल्यांचं तेच. मी किल्ली घेऊन शेडपर्यंत गेले आणि तिथेच थांबले. शेजारच्या सगळ्या बारीक गल्ल्या मला पाठ, पुलाला न शिवता दवाखाना गाठू शकते. पण मला बंदी होती ती उगाच नव्हती. त्याच सकाळी मी चहाचं भांडं गॅसवर ठेवून गॅस पेटवायला विसरले होते आणि चहा का होत नाही म्हणून वाट बघत बसले होते. हे असलं डोकं घेऊन मी लेकीला रस्त्यावर नेणार? आणि वर हे आयोडीन.

मोजणीबाईंना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, एवढ्याशा प्रवासाने आकाश कोसळणार नाही. सोबतीला दुसरं कुणीच नसेल तर तुम्ही जा, लेकीला मागच्या दूरच्या कोपऱ्यात बसवा, खिडक्या उघड्या ठेवा. पण तुम्ही चालवू नका, ते किरणांहून वाईट. दुसरं कुणी आहे का?

मी म्हटलं, कुणी नाही.

तेवढ्यात हे लेकीला धरून जिना उतरले. तिला मागच्या सीटवर नीट बसवलं आणि अंगणाच्या या टोकाला माझ्याकडे आले. हात पुढे केला.

"किल्ली दे. मी नेतो."

"कशाने?"

"गाडीने. तू लांब हो जरा, तिला त्रास नको."

मी किल्ली दिली. का दिली ते मला माहीत नाही. कदाचित पंचवीस-तीस वर्षांत त्यांनी मला काही करायला सांगितल्याची ही पहिली वेळ होती, म्हणून. त्यांनी सीट पुढे घेतली, आरसे बघितले, पट्टा लावला, लेकीचा पट्टा पोटाखालून जातोय ना ते वळून तपासलं. फाटकात गाडी एकदा बंद पडली. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, आणि मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. पुन्हा सुरू केली. हँडब्रेक सोडला, डावी-उजवी बघितली, आणि गेले. सिग्नलसुद्धा दिला, रस्त्यावर कुत्रंही नसताना.

मी फाटकाशी उभी राहून जमिनीवर पाय दाबत होते. किती वेळ, कुणास ठाऊक. शेजारीण विचारून गेली, मुंगळा चावला का.

मग ह्यांचा फोन आला. पोहोचलो, गल्ल्यागल्ल्यांतून. तिसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही.

संध्याकाळी पुन्हा आला. मुलगी. लहानशी आहे, पण रडते जोरात. दोघी ठीक.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हे सकाळी कपडे न्यायला आले. मी खिडकीच्या आत, ते बाहेर, मधे टेबल. उलटतपासणी घेतली.

डिसेंबरात माझं ऑपरेशन झालं त्या आठवड्यापासून शिकत होते. परीक्षा कधी दिली? तर ज्या गुरुवारी मी प्लास्टिकमध्ये बसून फोन लावत होते त्या सकाळी. पास झाल्यावरही सराव चालूच होता. आणि शिकले कुणाकडे? चौकातल्या टोपीवाल्याकडे. तो टोपीवाला, ज्याच्या विद्यार्थ्यांना रिव्हर्स येत नाही हे मी भर सभेत सांगितलं होतं. घरात एवढी मोठी शाळा, आणि नवरा शत्रूच्या गोटात.

"मला का नाही विचारलंत?"

"तू ओरडतेस."

मी न ओरडता म्हटलं, या वयात गाडीची गरज काय पडली होती?

ते पिशवीचा बंद नीट करत होते. म्हणाले, "तुला परत परत दवाखान्यात जावं लागणार. तिकडून येताना अनोळखी माणसाच्या गाडीत तुला रडता येणार नाही, असं वाटलं."

मी म्हटलं की मी कुठे रडते. ते बरं म्हणाले आणि गेले.

माणूस प्रूफं वाचून वाचून भलतंच वाचायला लागतो. ऑपरेशननंतर एकदाच रडले होते, तेही टॅक्सीत, तेही खोकल्याचं निमित्त करून. त्यांनी तेव्हा खिडकीबाहेर पाहिलं होतं. तेल परत पाठवून दिलं. क्लचने पोटरी दुखतेच, मी प्रत्येकाला सांगते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

नात घरी आली. हे गाडी अशी आणत होते की मागे सायकलवाले घंटी वाजवत होते. मी अंगणाच्या टोकाला. लेकीने गॅलरीतून गाठोडं जरा वर धरलं. एक नाक दिसलं. नाक आमच्या घराण्याचं आहे, त्याला इलाज नाही.

जावयाला जहाजावर बातमी कळली. तिकडून फोनवर तो इतकं रडला की लेकीलाच त्याची समजूत घालावी लागली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांनी दवाखान्यात नेलं. मी मागे बसले आणि एकूण चारच वेळा बोलले, त्यातलं एक "छान" होतं.

मोजणीबाईंनी यंत्र गळ्याशी धरलं, पोटाशी धरलं. गप्प. मी म्हटलं, बॅटरी संपली असेल. त्यांनी स्वतःच्या तपासणीच्या वस्तूवर धरून दाखवलं तर करकर वाजलं. माझ्यावर धरलं की पुन्हा गप्प, म्हणजे त्यांच्या भाषेत गेलं. म्हणाल्या, "घ्या बाळाला. माझ्याकडून परवानगी."

मी विचारलं, कागदावर थोडं असेल ना पण? त्या म्हणाल्या, कागदावर असेल. मग आणखी दोन दिवस थांबू का? यंत्र बंद करत त्या म्हणाल्या, आयोडीनसाठी थांबायची गरज नाही.

त्या "आयोडीनसाठी" वर त्यांनी उगाचच जोर दिला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

काल हात धुतले आणि मग आठवलं की ऑफिस झाडायचं राहिलंय. आज सर्दी झाल्यासारखं वाटलं. बाळाला सर्दी देणं बरं नव्हे. दुपारपर्यंत ती गेली, मग मी गाडीचं ऑइल तपासायला घेतलं. हे शिडी धरल्यासारखे नुसते शेजारी उभे. म्हणाले, ऑइल मी कालच बघितलं. टोपीवाल्याने हेही शिकवलंय.

खरं म्हणजे एवढ्या लहान मुलांना कळत काही नाही. कोण घेतंय, कोण नाही. घाई कशाला.

१ मार्च, रविवार

सकाळी लेक जिना उतरून ऑफिसात आली. इतक्या आठवड्यांनी ती माझ्या इतक्या जवळ आली होती. डोळ्यांखाली काळं, केस न विंचरलेले, कडेला गाठोडं. माझ्या कॉटवर बसली. म्हणाली, "आई, आता काय राहिलंय तुझ्यात?"

मी म्हटलं, काही नाही, यंत्र गप्प आहे.

"मग?"

मी टेबलावरची पेनं सारखी करू लागले. ती थांबली. माझ्यासारखी असती तर बोलली असती, पण ती बापावर गेली आहे. शेवटी मीच बोलले.

"हिला माझी ओळख पटेल. सवय लागेल. आणि मग सहा महिन्यांनी त्या बाईंनी काही वेगळं सांगितलं तर?"

लेक म्हणाली, "तर तोवर सहा महिने तिला आजी असेल." एवढंच. आणि मला तयारी करायला वेळ न देता पोरगी माझ्या हातात ठेवून, उशीवर डोकं टेकून, तिथेच झोपून गेली. बिचारी किती रात्री झोपली नसेल.

नातीने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. फारशी छाप पडली नसावी, कारण लगेच जांभई दिली. मग माझ्या कोपरात तोंड घालून ती पण झोपली. इतकं हलकं ओझं, आणि हात जागचा हलत नाही. मुंग्या आल्या आहेत. मगाशी हे दाराशी येऊन गेले, मी डोळ्यांनीच दटावलं, तर बूट काढून, तिथेच उंबरठ्यावर बसून राहिले आहेत. माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघत नाही.

अक्षर असं का आहे ते सांगायचं राहिलं. डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा मोकळा नाही, आणि या दोघी उठेपर्यंत मी तो मोकळा करणार नाही.